किल्ट असो वा धोतर, रोज घालायला घरचे 'नको' का म्हणतात?

लग्नात फेटा बांधला, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसली किंवा कॉलेजच्या 'ट्रॅडिशनल डे'ला धोतर घातले, तर घरात कोणी हरकत घेत नाही. उलट फोटो काढले जातात आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले जातात. पण मुलगा म्हणाला, "उद्यापासून मी रोज हेच घालणार," की घराचा सूर बदलतो. तो पोशाख आजोबांचे धोतर असो किंवा मोबाईलवर पाहून आवडलेला स्कॉटलंडचा किल्ट असो, पहिला प्रश्न ठरलेला असतो: लोक काय म्हणतील?

जामनेरसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न जास्त टोचतो. शहरात अनोळखी माणसे एकदा बघतात आणि पुढे जातात. इथे बसस्टँडवर, बाजारात, किराणा दुकानात भेटणारा प्रत्येक जण 'अमक्याचा मुलगा' म्हणून ओळखतो. कपडे मुलगा घालतो, पण उत्तरे वडिलांना द्यावी लागतात. पारंपरिक पोशाख रोज घालण्याच्या इच्छेमागे काय असते, आई-वडिलांच्या नकारामागे काय असते आणि त्यातून मार्ग कसा निघू शकतो, याची ही माहिती.

किल्ट म्हणजे नेमके काय?

किल्ट हा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील, म्हणजे हायलँड्समधील, पुरुषांचा पोशाख. कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारे हे लोकरीचे चौकडीचे वस्त्र असते. पुढचा भाग सपाट असतो आणि मागे चुण्या शिवलेल्या असतात. चौकडीच्या नक्षीला 'टार्टन' म्हणतात. पुढे कमरेला चामड्याची छोटी पिशवी लटकते, तिला 'स्पोरन' म्हणतात, कारण किल्टला खिसा नसतो. पायात गुडघ्यापर्यंत मोजे असतात.

आजचा किल्ट शिवलेला असला तरी त्याचे मूळ रूप शिवलेले नव्हते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हायलँड्समधील माणसे एक लांबलचक कापड अंगाभोवती गुंडाळून कमरेला पट्टा बांधत. त्याचा वरचा भाग खांद्यावर घेतला जाई, थंडी-पावसात तोच डोक्यावरून ओढला जाई आणि रात्री तेच पांघरूण होई. पुढे अठराव्या शतकात फक्त कमरेखालचा भाग वेगळा झाला आणि आजचा आखूड किल्ट तयार झाला.

महाराष्ट्रातील वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. एकच लांब कापड, शिवण नाही, निऱ्या घालून कमरेला खोचायचे आणि उरलेले टोक अंगावर घ्यायचे, हे धोतराचे आणि लुगड्याचेही तंत्र आहे. पारंपरिक किल्टला साधारण आठ वार कापड लागते आणि लुगड्याला नऊ वार.

ज्यावर बंदी होती, तो लग्नातला पोशाख कसा झाला?

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत हायलँड्समधील बंडखोरांचा पराभव झाला. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून स्कॉटलंडमधील पुरुषांना आणि मुलांना हायलँडचा पोशाख घालण्यास मनाई केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंगवास होता. दुसऱ्यांदा पकडले गेल्यास सात वर्षांसाठी समुद्रापलीकडे हद्दपारी होती. सैन्यातील शिपायांना मात्र सूट होती. सरकारसाठी लढताना किल्ट चालत होता, घरात चालत नव्हता.

ही बंदी १७८२ मध्ये उठली. तोपर्यंत एक पूर्ण पिढी किल्टशिवाय वाढली होती. सखल भागातील अनेक स्कॉटिश लोकांच्या लेखी तो डोंगरातल्या रांगड्या माणसांचा पोशाख होता. चित्र पालटले ते १८२२ मध्ये. राजा चौथा जॉर्ज एडिनबरोच्या भेटीला आला आणि त्या सोहळ्याची आखणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्याकडे होती. त्यांनी सोहळ्यात हायलँडचा पोशाख पुढे आणला आणि स्वतः राजाने किल्ट घातला. पुढे व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी स्कॉटलंडमधील बालमोरल येथे घर केले आणि आपल्या मुलांनाही हा पोशाख घातला. कालपर्यंतचा गावठी पोशाख प्रतिष्ठेचा झाला.

आज स्कॉटलंडमध्ये किल्ट मुख्यतः लग्नात, पदवीदान समारंभात, खेळाच्या सामन्यांना आणि सणावारी दिसतो. रोज किल्ट घालून कामाला जाणारी माणसे तिथेही थोडीच आहेत आणि त्यांच्याकडेही लोक वळून बघतात. म्हणजे जामनेरमधल्या मुलाला जो प्रश्न पडतो, तो एडिनबरोतल्या मुलालाही पडू शकतो. पोशाखाचा मान समारंभापुरता मिळतो, रोजच्या वापराला सहज मिळत नाही.

खानदेशातले धोतर का सुटले?

खानदेशातील बहुतेक घरांत याचे उत्तर जुन्या फोटोंमध्ये सापडते. पणजोबा धोतर, बंडी आणि डोक्याला पागोटे किंवा टोपी घातलेले. आजोबा धोतर किंवा पायजमा, सदरा आणि पांढरी टोपी घातलेले. वडिलांच्या लग्नाच्या फोटोत मात्र सफारी किंवा पँट-शर्ट. आजीच्या अंगावर नऊवारी, आईच्या अंगावर सहावारी आणि मुलीच्या अंगावर पंजाबी ड्रेस किंवा जीन्स.

हा बदल कोणी हुकूम काढून केला नाही. शाळा, एसटी, सरकारी नोकरी, कारखान्याची पाळी आणि टेरिकॉटचे स्वस्त, न चुरगळणारे कापड यांनी तो केला. धोतर रोज धुवावे लागते, पांढरे राखावे लागते, सायकलवर सांभाळावे लागते. पँट त्या मानाने सोपी होती.

पण सोय हे एकच कारण नव्हते. तहसील कचेरीत किंवा बँकेत धोतर-टोपीतल्या शेतकऱ्याला 'बाबा, तिकडे बसा' असे ऐकावे लागे आणि पँटवाल्याला 'साहेब' म्हटले जाई, हे आज पन्नाशी-साठीत असलेल्या अनेकांनी लहानपणी आपल्या वडिलांसोबत उभे राहून पाहिले आहे. त्यांच्यासाठी पँट म्हणजे शिक्षण, पगार आणि कोणापुढे न वाकणे. म्हणून मुलगा 'मी रोज धोतर नेसणार' म्हणतो, तेव्हा त्याला ते मुळांकडे जाणे वाटते. वडिलांना मात्र मोठ्या कष्टाने चढलेली पायरी मुलगा उतरतो आहे असे वाटते. दोघे एकाच कापडाबद्दल बोलत असतात, पण दोघांच्या मनातले अर्थ वेगळे असतात.

एकच वेश, वेगवेगळे अर्थ

महाराष्ट्राच्या इतिहासात पोशाखाने मोठी कामे केली आहेत. १८८८ मध्ये पुण्यात व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. तिथे बाकीचे पाहुणे जरीच्या कपड्यांत आणि दागिन्यांत असताना महात्मा जोतीराव फुले गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले. इथे जमलेले श्रीमंत लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा देश खेड्यात आहे, हे त्यांना दाखवायचे होते.

आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातील १८८५ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात त्या साडीत बसल्या आहेत. त्यांच्या बाजूला जपान आणि सीरियातून आलेल्या दोन विद्यार्थिनीही आपापल्या देशाच्या वेशात आहेत. परक्या देशात रोज साडी नेसून वर्गात जाणे हे त्या काळी धाडसच होते.

२२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी सदरा-टोपी सोडून फक्त आखूड पंचा नेसायला सुरुवात केली. १९३१ मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेलाही ते तसेच गेले. या काळात खादी हा घराघरातला वादाचा विषय होता. कॉलेजात जाणारी मुले विलायती कापड सोडून जाडीभरडी खादी घालू लागली. नोकरदार वडिलांना आपल्या नोकरीची आणि पोलिसांच्या नजरेची धास्ती वाटे. जामनेरच्या उत्तरेला यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, तेव्हा खादी हा जळगाव जिल्ह्यातही अभिमानाचा वेश झाला होता. आधीच्या दशकात ज्या वेशाची घरात भीती वाटे, तो घालून लोक आता गर्दीत मिरवत होते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या दलित स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यतेची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि अंगावरचे जड दागिने सोडून द्या, लुगडे इतर समाजातील स्त्रियांप्रमाणे नेसा. तिथल्या स्त्रियांनी हा बदल लगेच केला. बाबासाहेबांचा सूट हाही समतेचा दावा होता. ज्या समाजांवर पोशाख लादला गेला होता, त्यांच्यासाठी जुना वेश सोडणे हीच मुक्ती होती.

म्हणून 'परंपरा' हा शब्द प्रत्येक घरात सारखा ऐकू येत नाही. एका घरात तो अभिमान असतो, दुसऱ्या घरात ती जखम असते. बोलणे सुरू करण्याआधी आपल्या घरात तो कोणता आहे, हे मुलांनी ओळखायला हवे.

नकारामागे नेमके काय असते?

घरातला नकार बहुधा चार-पाच ठरलेल्या वाक्यांत येतो. प्रत्येक वाक्यामागची भीती वेगळी असते आणि तिचे उत्तरही वेगळे असते.

'लोक काय म्हणतील?' हे वाक्य ऐकून चिडणे सोपे आहे. पण छोट्या गावात लोकांचे म्हणणे खरेच महत्त्वाचे असते. उधारी, शेताला मदत, अडीअडचणीला धावून येणारे शेजारी हे सगळे त्याच लोकांतून येते. 'मला लोकांची पर्वा नाही' या उत्तराने वडिलांची काळजी कमी होत नाही. 'कोणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल, ते आपण ठरवू' या उत्तराने होते. 'आजोबांचं धोतर आवडतं त्याला, स्वतः धुतो, स्वतः नेसतो' एवढे वाक्य वडिलांच्या तोंडी असले की पारावरचा प्रश्न तिथेच संपतो.

'लग्न कसं जमणार?' ही भीती मुलींच्या बाबतीत जास्त असते. मुलगी रोज नऊवारी नेसते म्हटल्यावर 'फार जुन्या वळणाची' किंवा 'दिखाऊ' असे दोन्ही शेरे येतात. इथे घाईने वाद घालून उपयोग नसतो. पोशाख बदलला म्हणून शिक्षण, काम आणि वागणे बदललेले नाही, हे काही महिने दिसले की ही भीती हळूहळू उतरते.

'नोकरीच्या ठिकाणी चालेल का?' हा रास्त प्रश्न आहे आणि त्याला भावनेने नव्हे, माहितीने उत्तर द्यावे. त्याबद्दल पुढे.

'हे किती दिवसांचं खूळ?' या प्रश्नात अनुभव असतो. आधी गिटार आणले, मग जिम लावली, मग दोन्ही सुटले, हे आईने पाहिलेले असते. याचे उत्तर फक्त सातत्य.

'हा बाईचा घागरा आहे' हा आक्षेप खास किल्टच्या वाट्याला येतो. इथे पाठ केलेल्या व्याख्यानापेक्षा घरातलेच उदाहरण चालते. धोतर, पंचा, लुंगी, दक्षिणेतील वेष्टी आणि मुंडू ही सगळी पुरुषांचीच न शिवलेली वस्त्रे आहेत. चुण्या आणि उघड्या पोटऱ्या हे आजोबांच्या वेशातही होते. पँट हीच पुरुषाची खूण, ही समजूत फार जुनी नाही.

कधीकधी मात्र मुलाला किल्टच्या आडून वेगळेच काही सांगायचे असते. आपली लिंगओळख घरच्यांना कळावी, ही इच्छा त्यामागे असू शकते. तसे असेल तर 'हा स्कॉटलंडच्या पुरुषांचा पोशाख आहे' हा युक्तिवाद फार काळ टिकत नाही आणि नंतर फसवल्याची भावना उरते. तो विषय वेगळा आहे. त्यासाठी आधी एखाद्या विश्वासू मोठ्या व्यक्तीशी किंवा समुपदेशकाशी बोलणे बरे.

बोलणे कसे सुरू करावे?

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. पाहुणे बसलेले असताना, लग्नघाईत किंवा कापसाच्या वेचणीच्या धावपळीत हा विषय काढू नये. रात्री जेवण झाल्यावर, सगळे निवांत असताना बोलावे.

दुसरी गोष्ट म्हणजे घोषणेऐवजी प्रश्नाने सुरुवात करावी. 'उद्यापासून मी धोतर नेसणार' हे ऐकल्यावर वडिलांपुढे हो किंवा नाही असे दोनच पर्याय राहतात. 'पप्पा, आजोबा धोतर नेसायचे, तुम्ही कधी नेसलात का? का सोडलं?' या प्रश्नाने त्यांना बोलायला जागा मिळते. उत्तरात कचेरीतला अपमान निघेल, पहिल्या पगारातून शिवलेली पँट निघेल किंवा नुसता सायकलचा त्रास निघेल. जे निघेल ते ऐकून घ्यावे. नकाराचे खरे कारण बहुधा तिथेच असते.

तिसरी गोष्ट म्हणजे शिकणे. घरात किंवा गल्लीत धोतर नेसणारे आजोबा असतील तर त्यांच्याकडूनच निऱ्या कशा घालायच्या, कासोटा कसा घट्ट खोचायचा हे शिकावे. नऊवारीसाठी आजी किंवा मावशी असतेच. ज्याला नेसता येत नाही, त्याचे धोतर चारचौघांत सुटते आणि त्यासोबत सगळा मुद्दाही. मात्र आजोबांना आपल्या बाजूने उभे करून वडिलांना एकटे पाडू नये. तसे झाले तर कपड्याचा प्रश्न बाप-लेकाच्या मानापमानाचा होऊन बसतो.

चौथी गोष्ट म्हणजे छोटी सुरुवात. खानदेशात आखाजीचा सण मोठा असतो. अक्षय तृतीयेच्या या दिवशी किंवा पोळ्याला पारंपरिक वेश घातला तर कोणालाच खटकत नाही. त्यानंतर आठवड्यातून एक दिवस, मग घरी असताना रोज, मग बाजारात, मग कॉलेजात असे टप्पे ठेवता येतात. आई-वडिलांसमोर 'कायमचं' हा शब्द न ठेवता 'तीन महिने बघू' हा प्रस्ताव ठेवला, तर होकार मिळण्याची शक्यता वाढते. आणि तीन महिन्यांनी खरेच पुन्हा बोलायला बसावे.

पाचवी गोष्ट म्हणजे सूट आधीच देऊ करणे. कोणत्या ठिकाणी हा पोशाख घालणार नाही, हे मुलानेच आधी सांगावे: परीक्षा, यंत्राजवळचे काम, कोणाच्या दुःखाचा प्रसंग, बहिणीला बघायला येणारे पाहुणे. हट्ट करणारा मुलगा आणि विचार केलेला मुलगा यातला फरक घरच्यांना इथेच दिसतो.

सहावी गोष्ट म्हणजे खर्च आणि काम. स्कॉटलंडमध्ये शिवलेला लोकरीचा किल्ट शेकडो पौंडांचा असतो. तो वडिलांच्या पैशाने मागवायचा हट्ट धरला तर वाद पोशाखाचा राहत नाही, पैशाचा होतो. साध्या सुती चौकडीच्या कापडाचा किल्ट गावातला चांगला शिंपी नमुना पाहून शिवू शकतो. धोतर तर घरातल्या पेटीतही सापडते. ते स्वतः धुवावे, स्वतः वाळत घालावे. रोजच्या धोतराचे ओझे आईच्या अंगावर पडणार असेल, तर तिचा नकार योग्यच आहे.

कायदा काय सांगतो?

भारतात सामान्य नागरिकाने कोणता पोशाख घालावा हे ठरवणारा कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांबाबतच्या निकालात पोशाखातून स्वतःला व्यक्त करणे हा राज्यघटनेच्या कलम १९ मधील अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग मानला. शाळांना गणवेशाचा आणि कार्यालयांना पोशाखाचा नियम करता येतो, तो पाळावा लागतो.

महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबाबत सूचना काढल्या. त्यात शुक्रवारी खादी वापरण्याचे आवाहन होते. खासगी नोकरीत आधी विचारून घेणे उत्तम. मुलाखतीला जाताना नेहमीचे कपडे आणि नोकरीत विश्वास कमावल्यावर विचारणा, हा मार्ग बहुतेकांना सोपा पडतो.

पारंपरिक पोशाखामुळे अडवले जाण्याचे गाजलेले उदाहरण तमिळनाडूतले आहे. जुलै २०१४ मध्ये चेन्नईतील एका क्लबमध्ये वेष्टी नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना प्रवेश नाकारला गेला. त्यावर इतकी नाराजी उसळली की पुढच्याच महिन्यात तमिळनाडू विधानसभेने कायदा करून अशी अडवणूक बेकायदा ठरवली. तिथे हे घडू शकले, कारण वेष्टी आजही लोकांच्या रोजच्या वापरात आहे. पोशाख समारंभापुरता उरला की त्याच्या बाजूने उभे राहणारेही कमी होतात.

ऊन, मोटरसायकल आणि यंत्र

जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. स्कॉटलंडच्या थंडीसाठी विणलेला, साधारण दोन किलो वजनाचा लोकरी किल्ट आणि गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे जामनेरच्या उन्हात रोज घालणे म्हणजे तब्येतीशी खेळ. आईने या कारणाने नको म्हटले तर तिचे बरोबर आहे. सुती कापड, हलके मोजे आणि उन्हाळ्यात धोतर असा पर्याय निघू शकतो. धोतर मुळात याच हवेसाठी बनले आहे. सुती, मोकळे आणि वारा खेळता ठेवणारे.

मोटरसायकलवर मात्र धोतराचा सोगा, नऊवारीचा पदर किंवा ओढणी चाकात किंवा चेनमध्ये अडकून गंभीर अपघात होऊ शकतो. गाडीवर बसताना सोगा आणि पदर घट्ट खोचलेले असावेत, मागच्या चाकाला जाळी असावी. मळणीयंत्र, कडबाकुट्टी, पिठाची गिरणी आणि जिनिंगच्या यंत्राजवळ सैल कपडा चालत नाही. कारखाना कायदा, १९४८ मध्येही चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्यासाठी अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांची अट आहे. या ठिकाणी पँट घालणे ही माघार नाही.

रील काढण्याआधी

आज अनेकांना पारंपरिक पोशाखाची ओढ इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवरून लागते. त्यात वाईट काही नाही. पण घरातले भांडण, आईचे रडणे किंवा वडिलांचा राग चोरून चित्रित करून टाकणे ही मोठी चूक ठरते. अनोळखी लोक टाळ्या वाजवतात, पण गावात तो व्हिडिओ पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी वडिलांनाच दुकानात भेटतो. त्यानंतर कपड्यावर तोडगा निघाला तरी विश्वास परत यायला वर्षे लागतात. घरचे तयार होईपर्यंत हा विषय घरातच ठेवलेला बरा.

लोकांनी वाईट टिप्पण्या केल्या तर त्या आई-वडिलांपर्यंत पोहोचतील, हेही आधी सांगून ठेवावे. त्यांना बाहेरून कळण्यापेक्षा मुलाकडून कळणे कधीही चांगले.

तरीही नकार कायम राहिला तर?

काही घरांत सगळे करूनही होकार मिळत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना बहुतेक बाबतींत आई-वडिलांचे ऐकावे लागते आणि शिक्षण त्यांच्याच पैशावर चाललेले असते. तेव्हा घरात, मित्रांकडे किंवा सणाला हा पोशाख घालून बाकीचे कमावते झाल्यावर ठरवणे हा पराभव नाही. कपड्यावरून मारहाण होत असेल किंवा घराबाहेर काढण्याची धमकी मिळत असेल, तर मात्र प्रश्न कपड्याचा राहिलेला नसतो. अशा वेळी अठरा वर्षांखालील मुलांना १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर मदत मागता येते.

सज्ञान आणि कमावत्या मुलाला स्वतःचा निर्णय घेता येतो. तरीही आई-वडिलांना दोन गोष्टी कळायला हव्यात: त्यांनी कष्टाने मिळवलेल्या पँटचा मान कमी झालेला नाही, आणि मुलाने धोतर किंवा किल्ट घातला तरी तो त्यांच्यापासून दूर गेलेला नाही. स्कॉटलंडमध्ये बंदी उठल्यानंतर किल्टला प्रतिष्ठा मिळायला चाळीस वर्षे लागली. जामनेरच्या एखाद्या घरात इतका वेळ लागणार नाही. पण पहिल्या रात्रीच्या बोलण्यात सगळे सुटेल, अशी अपेक्षा धरू नये. बऱ्याचदा होकार शब्दांत येतच नाही. एके दिवशी आई धुतलेले धोतर दोरीवरून काढून, घडी घालून खाटेवर ठेवते, तेवढ्यावरून तो ओळखावा लागतो.